ज्याची पोळी, त्याची टाळी?

श्रमाच्या बाजारपेठेचे प्रकरण शिकवीत असताना, श्रम विकणारे पुष्कळ आणि विकत घेणारा मात्र एकच, अशी स्थिती उद्भवल्यास वेतनाचे काय होते हे विद्यार्थ्यांना पटवून द्यावे लागते. प्रस्तुत लेखक त्यासाठी बरीच वर्षे एकाच साखर कारखान्यावर अवलंबून असलेल्या ऊस उत्पादकाचे उदाहरण देत आला. यंदा थोडा पालट म्हणून कर्ट फ्लड या अमेरिकी बेसबॉलपटूची हकिकत सांगितली आणि जानेवारी १९७० मध्ये चित्रवाणीवर झालेल्या त्याच्या मुलाखतीतील दोन वाक्ये मराठीत करून ऐकविली. वर्षाला नव्वद हजार डॉलर मिळविणाऱ्याची मिळकत ही काही गुलामाची मिळकत नव्हे, असे मुलाखत घेणाऱ्याने सुचविले होते. त्यावर फ्लडने सांगितले होते की, चांगला पगार मिळणारा गुलाम हा अखेर गुलामच. तास संपल्यावर मागच्या बाकावरील एक विद्यार्थी जवळ आला. फ्लडविषयी त्याला काही विचारावयाचे नव्हते. 'सर, ज्याने प्रश्न विचारला त्याला पगार कोण देत होतं?' एवढेच त्याला हवे होते.

त्या वेळी 'एबीसी नावाची चित्रवाणी कंपनी' असे उत्तर देऊन मी मोकळा झालो. परंतु प्रश्न असा दोन शब्दांत संपणारा नव्हता, हे घरी आल्यावर ध्यानात आले. कारण ती मुलाखत घेणारे गृहस्थ म्हणजे हॉवर्ड कोसेल. आणि अमेरिकेत क्रीडा वार्ताहर हा खेळाचा भाट असावा की खेळाचा साक्षीदार, हा वाद ज्या एका माणसाभोवती पंचवीस-तीस वर्षे घोटाळत राहिला, तो माणूस हाच.

कोसेल यांचा जन्म २५ मार्च १९१८ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विन्स्टन-सेलम या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. बालपण मात्र न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात गेले. मूळ आडनाव कोहेन. 'कोसेल' हे पोलंडमधील पूर्वजांच्या नावाशी जुळणारे नाव त्यांनी पुढे घेतले. न्यूयॉर्क विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी मिळविली, महायुद्धात सैन्याच्या वाहतूक विभागात नोकरी करून मेजरच्या हुद्द्यापर्यंत मजल मारली आणि युद्ध संपताच वकिली सुरू केली. ती चालली असती तर जगाला हे नाव ठाऊक होण्याचे कारण नव्हते. १९५३ च्या सुमारास मुलांच्या बेसबॉल संघटनेचे कायदेविषयक काम पाहत असताना नभोवाणीवर मुलांचा एक कार्यक्रम चालविण्याची विचारणा त्यांना झाली. मोठमोठ्या खेळाडूंना मुलांनी प्रश्न विचारावयाचे, एवढेच त्याचे स्वरूप. कोसेल यांनी हे काम जवळजवळ तीन वर्षे बिनपगारी केले आणि १९५६ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, वकिली सोडून ते पूर्ण वेळ क्रीडा वार्ताहर झाले. घरी पत्नी आणि दोन मुली असताना बांधलेली पोळी टाकून अनिश्चिततेत उडी घेणे हा आपल्याकडील मध्यमवर्गीय हिशेबात वेडेपणाच ठरला असता. ध्वनिमुद्रणाचे अवजड यंत्र पाठीशी घेऊन ते खेळाडूंच्या खोल्यांतून फिरत, आणि इतर वार्ताहर 'आज कसे वाटते?' असे विचारीत असताना हे गृहस्थ उलटतपासणी घेत.

रूपाने ते चित्रवाणीला शोभणारे नव्हते. आवाज अनुनासिक, उच्चार ठसठशीत ब्रुकलिनचा, डोक्यावर केसांचा टोप, बोलण्यात लांबलचक जडजंबाळ शब्द. स्वतः कधी व्यावसायिक खेळ खेळलेले नाहीत. 'जे आहे ते तसे सांगणे' हे त्यांचे घोषवाक्य होते, आणि त्यात आत्मस्तुतीचा वासही भरपूर होता. एका साप्ताहिकाने वाचकांचा कौल घेतला तेव्हा सर्वांत आवडता आणि सर्वांत नावडता असे दोन्ही क्रीडा समालोचक तेच ठरले, असे सांगतात. ही गोष्ट केवळ गमतीची नाही. तिच्याकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

त्यांची खरी ओळख झाली ती मुहम्मद अलीमुळे. १९६४ मध्ये जगज्जेता झाल्यावर कॅशियस क्लेने इस्लामचा स्वीकार करून नवे नाव धारण केले. अमेरिकेतील मोठमोठी वृत्तपत्रे त्यानंतरही कित्येक वर्षे त्याला 'क्ले' म्हणत राहिली. कोसेल यांनी मात्र त्याला अली म्हणावयास प्रारंभ केला. माणसाचे नाव काय असावे हे त्या माणसाने ठरवावे, ही त्यांची साधी भूमिका होती. स्वतःचे आडनाव बदललेल्या माणसाला ती सुचावी यात नवल नाही. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथे अलीने सैन्यात भरती होण्यास नकार दिला. न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने त्याच दिवशी त्याचा परवाना निलंबित केला व जगज्जेतेपदाची मान्यताही काढून घेतली. त्या क्षणी अलीवर न्यायालयात आरोपसुद्धा ठेवला गेला नव्हता. येथे कोसेल यांच्यातील वकील जागा झाला. अलीची मते योग्य की अयोग्य, हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला. रीतसर सुनावणी न करता एखाद्या नागरिकाचे उपजीविकेचे साधन हिरावून घेणे घटनाबाह्य आहे, हे ते चित्रवाणीवरून पुनःपुन्हा सांगत राहिले. व्हिएतनामच्या युद्धाचे ते दिवस होते. शिव्याशापांची आणि धमक्यांची पत्रे त्यांच्याकडे ढिगाने येत. अलीला साडेतीन वर्षे लढता आले नाही. १९७० च्या ऑक्टोबरात तो परतला आणि जून १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याची शिक्षा रद्द केली. खेळाडूच्या आयुष्यातील पंचविशी ते अठ्ठाविशीचा काळ कोणत्याही निकालाने परत मिळत नाही, ही गोष्ट निराळी.

१९६८ च्या ऑक्टोबरात मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णी धावपटूंनी विजयमंचावर काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली आणि त्यांना घरी धाडण्यात आले. त्या वेळी स्मिथला कॅमेऱ्यापुढे बसवून, हे तू का केलेस, असे शांतपणे विचारणारेही कोसेलच होते. आणि मग आला कर्ट फ्लड.

फ्लडचे प्रकरण अर्थशास्त्राच्या शिक्षकाला मोह पाडणारे आहे, म्हणून येथे किंचित रेंगाळतो. अमेरिकी बेसबॉलमध्ये प्रत्येक करारपत्रात एक राखीव कलम असे. करार संपला तरी खेळाडू त्याच संघाच्या दावणीला. संघाने विकला तर नव्या दावणीला. दुसऱ्या मालकाकडे जाऊन जास्त पगार मागण्याची सोयच नाही. आठवडी बाजारात बैलाचे दावे एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि बैलाला कोणी विचारीत नाही, तसा हा व्यवहार. मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेतून बेसबॉलला १९२२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने वगळले असल्यामुळे दाद कोठे मागावी हाही प्रश्न होता. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईसच्या संघाने बारा वर्षे खेळलेल्या फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकले. फ्लडने जाण्यास नकार दिला आणि खटला भरला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. मधल्या काळात, १९७१ मध्ये, तो वॉशिंग्टनच्या संघाकडून जेमतेम तेरा सामने खेळला आणि त्याची कारकीर्द संपली. डिसेंबर १९७५ मध्ये दुसऱ्या दोन खेळाडूंच्या तक्रारीवर लवादाने निर्णय दिला आणि ते कलम मोडले. त्यानंतर खेळाडूंचे पगार कसे वाढत गेले, हे पाहिले म्हणजे आधी किती रक्कम मालकांच्या खिशात राहत होती याचा अंदाज येतो. फ्लडला त्यातला एक डॉलरही मिळाला नाही. परंतु तो एकाकी असताना कोसेल यांनी त्याला बोलते केले, आणि 'नव्वद हजार डॉलर' ही प्रत्येक प्रेक्षकाच्या मनातील शंका मुद्दाम उच्चारून दाखविली. चांगला वकील आपल्या साक्षीदाराला अडचणीचा प्रश्न आधी स्वतःच विचारतो, हे आपण न्यायालयांतून पाहतोच.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. वृत्तपत्राचा वार्ताहर सामना पाहतो आणि लिहितो. सामना रटाळ झाला तर तसे लिहावयास त्याच्या मालकाची हरकत असण्याचे कारण नाही, कारण वृत्तपत्राने सामना विकत घेतलेला नसतो. चित्रवाणीचे तसे नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्याने फुटबॉल संघांना आपले प्रक्षेपण हक्क एकत्रितपणे विकण्याची मुभा मिळाली, आणि १९७० पासून दर सोमवारी रात्रीच्या सामन्यासाठी एबीसीने वर्षाला सुमारे ८५ लाख डॉलर मोजण्यास सुरुवात केली. हा माल जाहिरातदारांना चढ्या भावाने विकावयाचा तर तो उत्तम आहे असे प्रेक्षकाला वाटत राहिले पाहिजे. म्हणजे समालोचक एकाच वेळी दुकानातला विक्रेताही झाला आणि मालाची पारख करणारा परीक्षकही. तागडी धरणारा आणि गल्ल्यावर बसणारा एकच असेल तर माप कोणाच्या बाजूला झुकेल, हे सांगावयास अर्थशास्त्र लागत नाही.

आपल्याकडे तर हा व्यवहार आणखी एक पायरी पुढे गेला. १९९३ मध्ये क्रिकेट मंडळाने प्रक्षेपण हक्क दूरदर्शनला सोडून परदेशी कंपनीला विकले, त्यावरून झालेला तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा ऐतिहासिक निकाल लागला. लहरी जनतेच्या झाल्या. समालोचकाची जीभ मात्र मंडळाकडे राहिली. सामन्यांच्या चित्रीकरणाची व्यवस्था मंडळाने आपल्या हाती घेतली तेव्हा समालोचकांची निवडही ओघानेच त्याच्याकडे आली. २०१६ च्या आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगले यांना वगळण्यात आले आणि त्याचे कारण मंडळाने जाहीर केले नाही. हैदराबादच्या मराठी घरातील हे गृहस्थ रसायन अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन शिकलेले. कोसेल यांच्याप्रमाणेच, वरच्या दर्जाचे क्रिकेट न खेळता आवाज आणि अभ्यास यांच्या बळावर या धंद्यात उभे राहिलेले. २०२० मध्ये मुंबईचे माजी फलंदाज संजय मांजरेकर यांनाही मंडळाच्या यादीतून बाहेर जावे लागले. दोघेही पुढे परतले, ही समाधानाची गोष्ट. परंतु बाकीच्यांनी त्यातून काय शिकावयाचे ते शिकून घेतलेच असेल. जून २०२२ मध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांना ४८,३९० कोटी रुपये मिळाले. इतक्या किमतीच्या मालाबद्दल, ध्वनिक्षेपक हाती असताना, 'आजचा सामना कंटाळवाणा झाला' हे वाक्य किती जणांच्या तोंडून निघेल?

कोसेल यांच्या तोंडून ते निघत असे. २१ सप्टेंबर १९७० रोजी सोमवारच्या फुटबॉलचा पहिला सामना झाला आणि तेव्हापासून १९८३ पर्यंत ते त्या कक्षात बसले. खेळ सुमार असेल तर सुमार म्हणत, मालकांच्या कारस्थानांवर बोलत, शेजारी बसलेल्या माजी खेळाडूंना टोचत. हे त्यांना कसे साधले? त्यांच्या चाहत्यांचे उत्तर 'धैर्य' असे आहे. धैर्य होतेच. पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लोक त्यांना ऐकण्यासाठी संच लावीत, आणि तितकेच लोक त्यांना शिव्या देण्यासाठी लावीत. जाहिरातदाराच्या दृष्टीने दोन्ही प्रेक्षक सारखेच. आवडत्या आणि नावडत्या अशा दोन्ही याद्यांत पहिले नाव असण्याचा अर्थ हा. जोवर सत्य सांगणारा माणूस स्वतःच एक खपणारी वस्तू होता, तोवर कंपनीने सत्य खपवून घेतले. रुन आर्लेज हे एबीसीचे क्रीडाप्रमुख मोठे धोरणी होते. कोसेल यांच्याविरुद्ध आलेली पत्रे पाहून ते घाबरले नाहीत, यात त्यांची व्यापारी बुद्धी दिसते.

याचा पडताळा पाहावयाचा असेल तर १९८१ पासूनचा अनुभव पाहावा. कोसेल यांना 'स्पोर्ट्सबीट' नावाचा स्वतंत्र कार्यक्रम मिळाला. त्यात सामना नव्हता. खेळाच्या व्यवसायाची चौकशी होती. संघांची स्थलांतरे, खेळाडूंचे हक्क, मैदानांमागील पैसा. ज्या ब्रुकलिनमध्ये ते वाढले तेथील डॉजर्स हा लाडका संघ १९५७ च्या हंगामानंतर मालकाने लॉस एंजेलिसला नेला होता, ती जखम त्यांच्या मनात कायमची राहिली होती. कार्यक्रमाला पारितोषिके मिळाली. प्रेक्षक मिळाले नाहीत, आणि १९८५ मध्ये तो बंद झाला.

त्यांची चरित्रकथा निष्कलंक मात्र नाही. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये वेळापत्रकाच्या घोटाळ्यामुळे दोन अमेरिकी धावपटू शंभर मीटरच्या शर्यतीला मुकले, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक स्टॅन राइट यांची कोसेल यांनी कॅमेऱ्यापुढे इतकी खरडपट्टी काढली की खचलेल्या माणसाला लाथ मारावी तसे ते वाटले. १९८३ च्या सप्टेंबरात एका चपळ कृष्णवर्णी खेळाडूला उद्देशून त्यांच्या तोंडून 'छोटे माकड' असे शब्द गेले. पूर्वी एका गौरवर्णी खेळाडूलाही ते असेच म्हणाले होते, आणि अलीसाठी शिव्या खाल्लेल्या माणसाला वर्णद्वेष्टा म्हणणे अन्याय्य होते. तरीही दिलगिरीचे चार शब्द सरळ बोलून मोकळे होण्याऐवजी ते वाद घालीत बसले. दुसऱ्याची उलटतपासणी घेण्याची सवय जडली की स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहणे जड जाते. शिक्षकांनाही हा रोग होतो.

सर्वांत अवघड हिशेब मुष्टियुद्धाचा. त्यांची कीर्ती याच खेळावर उभी होती. जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टन येथे जॉर्ज फोरमनच्या ठोशाने जो फ्रेझर कोसळला तेव्हा 'फ्रेझर पडला!' असा त्यांनी तीनदा केलेला पुकारा अमेरिकी माणसाच्या कानात आजही आहे. पण १९७७ मध्ये एबीसीनेच पैसे घालून डॉन किंग यांच्याबरोबर भरविलेल्या राष्ट्रीय स्पर्धेत मुष्टियोद्ध्यांच्या पूर्वीच्या लढतींच्या नोंदीच खोट्या असल्याचे उघड झाले आणि स्पर्धा गुंडाळावी लागली. कोसेल त्या लढतींचे समालोचन करीत होते. त्यातील एका लढतीत संशयास्पद निकालाने चिडलेल्या मुष्टियोद्ध्याने लाथ झाडली, त्या गडबडीत कोसेल यांचा टोप साऱ्या देशादेखत उडाला. लोक हसले. खोट्या नोंदींवर उभारलेला तमाशा आपल्याच कंपनीने विकत घेतला होता, ही गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती.

नोव्हेंबर १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा किम डुक-कू हा तरुण रे मॅन्सिनीशी लढताना मेंदूला इजा होऊन मरण पावला. त्याला दोन आठवडेही झाले नव्हते तोच, २६ नोव्हेंबरला ह्यूस्टनमध्ये लॅरी होम्स आणि टेक्स कॉब यांची लढत झाली. कॉब पंधरा फेऱ्या उभा राहून मार खात होता. पंच थांबवीत नव्हते. समालोचन करता करता कोसेल यांचा आवाज संतापाने चढत गेला, हे थांबविले का जात नाही, असे ते विचारू लागले, आणि त्यानंतर व्यावसायिक मुष्टियुद्धाचे समालोचन पुन्हा करणार नाही असे त्यांनी जाहीर केले. तो शब्द त्यांनी पाळला. वीस वर्षे त्याच पोळीवर पोट भरल्यानंतर हा साक्षात्कार झाला, अशी टीका तेव्हा झाली आणि ती खोटी म्हणता येणार नाही. उशीर झाला होता. पण त्या धंद्यात त्यांच्याइतकेच जेवलेले कितीतरी लोक पानावरून अखेरपर्यंत उठलेच नाहीत, हेही नोंदविले पाहिजे.

१९८५ मध्ये त्यांचे 'आय नेव्हर प्लेड द गेम' हे पुस्तक आले. नावातच टोमणा होता. पूर्वी खेळलो एवढ्याच पात्रतेवर समालोचनाच्या खुर्च्या अडविणाऱ्या माजी खेळाडूंच्या राज्यासाठी एक खोचक शब्द त्यांनी रूढ केला होता. 'गडीशाही' असे त्याचे मराठी करता येईल. आपले सहकारी आणि आपली कंपनी यांच्यावरही त्यांनी पुस्तकात आसूड ओढले. तोवर सोमवारचा सामना त्यांनी सोडला होता, स्वतंत्र कार्यक्रमाला प्रेक्षक उरले नव्हते, आणि नावडत्याला पाहण्यासाठी संच लावणाऱ्यांचाही उत्साह ओसरला होता. त्या वर्षीच्या बेसबॉल विश्वमालिकेच्या समालोचनातून एबीसीने त्यांना काढले आणि लवकरच चित्रवाणीवरील त्यांचे पर्व संपले. नभोवाणीवर ते १९९२ पर्यंत बोलत राहिले. १९९० मध्ये पत्नी एमी गेल्या. २३ एप्रिल १९९५ रोजी न्यूयॉर्क येथे वयाच्या ७७ व्या वर्षी कोसेल यांचे निधन झाले.

विश्वमालिकेत त्यांच्या जागी एबीसीने टिम मॅकार्व्हर यांना बसविले. मॅकार्व्हर हे माजी यष्टिरक्षक. म्हणजे बेसबॉलच्या भाषेत 'कॅचर'. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईसने फ्लडला फिलाडेल्फियाकडे धाडले, त्याच व्यवहारात त्याच्याबरोबर दिलेल्या खेळाडूंपैकी ते एक होते. ते मुकाट्याने गेले, खेळले आणि निवृत्त झाल्यावर समालोचक बनले. कोसेल यांनी ज्यांच्यावर टीका केली त्या माजी खेळाडूंच्या पंक्तीतले हे, परंतु अभ्यासू आणि रोखठोक. न्यूयॉर्क मेट्स या संघाच्या सामन्यांचे समालोचन त्यांनी सोळा वर्षे केले. १९९९ च्या हंगामापूर्वी त्यांना तेथून काढण्यात आले. संघाच्या खेळातील चुका ते फार उघडपणे सांगतात म्हणून, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून छापून आले होते.